फिरतीची गिटार: कमी पैशांत कशी निवडावी आणि सोबत काय घ्यावं

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" प्रवासासाठी गिटार घेणाऱ्याने त्याआधी ठरवायचं असतं ते वेगळंच: गिटार जाणार कशातून? एसटी, रेल्वे, दुचाकी, स्वतःची गाडी की विमान? त्यावर माप ठरतं.

१. माप

आपल्याकडे गिटारचं माप एकूण लांबीच्या इंचांत सांगतात. ४१ इंची म्हणजे पूर्ण मापाची, सुमारे १०४ सेंटिमीटर. रेल्वेने किंवा गाडीने जाणार असाल तर हीच घ्या. आवाज भरदार येतो, आणि वरच्या बर्थवर पायांच्या बाजूला ती आरामात राहते. वेगळी 'ट्रॅव्हल गिटार' घ्यायलाच हवी असं बहुतेकांच्या बाबतीत नसतं.

गर्दीची एसटी, दुचाकी किंवा गड असेल तर पाऊण मापाची बरी. यामाहाच्या जेआर-२ मध्ये नट (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (तारा अडकवतात ती खालची लाकडी पट्टी) तारेची लांबी ५४० मिलिमीटर आहे. नेहमीच्या गिटारमध्ये ती ६३० ते ६५० असते. फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे लहान हातांना सोपं जातं, पण जाड बोटांची 'ए' कॉर्ड धरताना दाटी होते. त्याहून लहान गिटालेले. तिला सहा तारा असतात, पण सूर पाच सेमीटोन वरचा: 'सी' कॉर्ड धरली की 'एफ' वाजते. एकट्याने गुणगुणायला छान, चारचौघांच्या कोरसमध्ये तिचा आवाज ऐकूच येत नाही.

विमानात देशांतर्गत केबिन बॅगेची मर्यादा सहसा ७ किलो आणि साधारण ५५×३५×२५ सेंमी असते. गिटालेलेसुद्धा ५५ सेंमीपेक्षा लांब भरते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारा, काउंटरवर हुज्जत नको.

२. पैसे कुठे घालायचे

तीन-साडेतीन हजारांत रंगीत, कटअवेवाली (दांड्याजवळ अंगाला खाच असलेली) ३८ इंची गिटार मिळते आणि ऑनलाइन तिच्यासोबत बॅग, पट्टा, पिक असं सगळं फुकट येतं. फुकटातल्या त्या बॅगा बहुधा नुसती खोळ असतात. बजेट आठ हजार असेल तर गिटारवर सहा घाला. उरलेल्यातले हजारेक सेटअपला (तारांची उंची आणि दांड्याचा वाक नीट करून घ्यायला), बाकीचे बॅग आणि तारांना. सेटअप नीट केलेली साधी गिटार, तारा बोटभर वर असलेल्या महाग गिटारपेक्षा कितीतरी जास्त वाजवली जाते.

लाकूड लॅमिनेटचं घ्या, म्हणजे प्लायचं. सॉलिड लाकडाचा आवाज गोड असतो हे खरं, पण ते साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत खूश असतं. कोकण-गोव्यातला जुलै आणि नागपूरचा मे ही दोन्ही टोकं त्याला सोसत नाहीत.

३. दुकानात तपासणी

धोबी तलावचं फुर्टाडोज असो की गावातलं वाद्यांचं दुकान, गिटार हातात घेऊन पाहता आली तर सोडू नका. खिशात चार जुनी एटीएम कार्डं ठेवा. प्रत्येक कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. बाराव्या फ्रेटवर, सर्वांत जाड तारेखाली कार्डं एकावर एक ठेवून सरकवा. तीन कार्डं तारेला जेमतेम लागत असतील तर उंची उत्तम. चार कार्डं सहज जाऊन वर फटही राहत असेल तर बोटं सोलवटणार.

उंची जास्त असली म्हणून लगेच नाकारू नका. ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासली की तारा खाली येतात. बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायला सॅडल २ मिमी घासावं लागतं. तेवढं सॅडल वर दिसतंय का ते बघा. आधीच बुटकं असेल तर ती गिटार ठेवून द्या.

मग नेक, म्हणजे दांडा. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि मध्ये, सहा-सातच्या आसपास बघा. व्हिजिटिंग कार्डाएवढी बारीक फट हवी. फट मोठी असेल तर नेक वाकलेला आहे. अशा वेळी ट्रस रॉड (वाक नीट करायला नेकच्या आत बसवलेला धातूचा गज) लागतो, तेव्हा तो आहे का आणि फिरतो का हे विचाराच.

सूर तपासायला ट्यूनर लावा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक काढा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. हे न जुळणारी गिटार मोकळ्या तारांवर सुरात असते आणि वर गेली की बेसूर होते. शेवटी तळहात नेकच्या कडेवरून फिरवा; फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत.

जुनी घेत असाल तर एक जादा गोष्ट: ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर गोंद सुटायला लागलाय.

४. तारा

पूर्ण मापाच्या गिटारवर १० नंबरचा (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) पातळ संच नवख्या बोटांना सोपा. पाऊण मापावर मात्र १२ चा घाला, नाहीतर तारा लोंबल्यासारख्या वाजतात. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलच्या संचाचा ताण ७० किलोच्या आसपास असतो, नायलॉनचा चाळीसेक. ब्रिज उखडून येईल.

५. बॅग

किमान १० मिमी फोम, पाठीला दोन पट्टे, तारांचं पाकीट मावेल असा खिसा. पावसात वरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी चढवा. रेनकोटपेक्षा स्वस्त आणि जास्त भरवशाची. उन्हात बंद गाडीच्या डिकीत गिटार ठेवायची नाही, गोंद मऊ पडतो. एसटीच्या मागच्या डिकीतही नाही, तिथे वर कुणाचं पोतं येईल सांगता येत नाही.

६. बॅगेच्या खिशात

क्लिपचा ट्यूनर, त्याचा एक जादा सेल (बहुधा सीआर २०३२), दोन पिक, पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेचे दोन नग, कारण तीच तुटते. आणि कॅपो, म्हणजे फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. सहलीत गाणारा पट्टी सांगतो, आपल्याला येतात चारच कॉर्ड. 'सी'च्या आकारात पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी एक, तिसऱ्यावर काळी दोन. 'जी'च्या आकारात पहिल्यावर काळी चार. बहुतेक गाणी यात निघतात.

इलेक्ट्रिक गिटार असेल तर व्हॉक्स अॅम्पप्लगसारखा हेडफोन अॅम्प घ्या. दोन एएए सेलवर चालतो, हॉस्टेलात शेजारी झोपलेले असतानाही वाजवता येतं. बॅटरीवरचा छोटा स्पीकर अॅम्प हौसेखातर ठीक, पण गडावर तो लावणाऱ्यांवर माझा राग आहे.

तारा कापायची पक्कड विमानप्रवासात चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीत जाईल.