हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत? डोळे असे तपासा
चौकटीच्या वहीच्या पानावर मधोमध ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून पान ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा तळहाताने झाका, नजर ठिपक्यावरच ठेवा. मग दुसरा डोळा. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) क्वचित डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागावर परिणाम करतं, तेव्हा रेषा वाकड्या किंवा मधेच पुसट दिसतात. डॉक्टरांना दाखवा, गोळी मनाने सोडू नका. क्लोमिफेनवर (गर्भ राहावा म्हणून देतात ती गोळी) धूसर किंवा चमचम दिसलं तर मात्र पुढच्या गोळीआधी फोन करा.

गर्भनिरोधक गोळीवर एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, तर डोळ्याच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. दुखत नाही म्हणून सकाळची वाट पाहू नका. पुण्यात ससून किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. नुसतं चुरचुरतंय? लेन्स काढा. आणि टू-व्हीलरवर स्कार्फ डोळे झाकत नाही, गॉगल लावा.