पिक्सेल दिसले, पण जुना गेम दिसला नाही? पिक्सेल आर्ट करताना या चुका टाळा

पिक्सेल आर्टचं, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमसारखं चौकोनाला चौकोन जोडून काढलेल्या चित्राचं, माझं पहिलं पोस्टर छापून आलं, तेव्हा मोठ्या हौसेने ते भिंतीवर लावलं आणि दोन पावलं मागे सरलो. स्क्रीनवर लख्ख दिसणारं ३२ बाय ३२ पिक्सेलचं अंतराळयान कागदावर चक्क धुक्यातून उडत होतं. प्रत्येक चौकोनाच्या कडेला करडी साय धरलेली. छापणाऱ्याच्या नावाने बोटं मोडून झाली, मग फाइल उघडली, तर घोळ माझाच निघाला.

मोठं करताना चित्र धुरकट होतं

चित्र मोठं करताना सॉफ्टवेअर दोन पिक्सेलांच्या मधले रंग आपल्या मनाने भरतं. फोटोला ते चालतं, पिक्सेल आर्टची मात्र माती होते. रिसाइझ करताना ‘निअरेस्ट नेबर’ (जवळच्या पिक्सेलचाच रंग उचलणारा) हा पर्याय निवडायचा. गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये इंटरपोलेशन (मधले रंग भरण्याची पद्धत) ‘नन’ ठेवायचं.

एवढ्याने भागत नाही. वाढवायचं ते पूर्ण पटीतच. १६ पिक्सेलचं चित्र ५०० पिक्सेलचं करायला गेलात, तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला सव्वाएकतीस पिक्सेल येतात. मग काही चौकोन ३१चे होतात, काही ३२चे, आणि चेहऱ्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो. ५१२ करा, बरोबर ३२ पट. छपाईचंही गणित हेच: ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ८ इंच म्हणजे २४०० पिक्सेल, म्हणजे ३२चं चित्र ७५ पट. प्रिंटच्या चौकटीतलं ‘फिट टू पेज’ बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळं गणित तिथे पाण्यात जातं.

फाइल पीएनजीच ठेवा. जेपीईजी केली की कडांभोवती मुंग्या लागल्यासारखे ठिपके येतात. मेसेजिंग ॲपवरून पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एकाच चित्रात दोन मापांचे चौकोन

पात्र काढलं, मग तलवार जरा छोटी वाटली म्हणून तेवढीच दीडपट केली. झालं, तलवारीचे पिक्सेल जाड आणि हाताचे बारीक. तलवार तिरकी फिरवली की कडा आणखी विस्कटतात. निन्टेन्डोच्या ८ बिट एनईएस या गेम कन्सोलला स्प्राइट (पडद्यावर हलणारं छोटं चित्र) आडवा किंवा उभा उलटवता यायचा, फिरवता येत नसे. तिरकी पोझ हवी तर ती वेगळी काढावी लागे. आपणही तेच करायचं. ९० अंशांत फिरवलं तर काही बिघडत नाही, मधल्या अंशांसाठी मात्र पेन्सिल टूल घेऊन नव्याने बसा.

रंगांची खैरात

सर्वाधिक चित्रं इथे फसतात. १६ बाय १६च्या चौकोनात वीस-बावीस रंग, सावलीच्या चार छटा, वर एक चकाकी. चित्र वाईट नसतं, पण ते जुन्या गेममधलं वाटत नाही.

त्या काळी रंग मोजूनमापून मिळायचे. एनईएसवर एका स्प्राइट पॅलेटमध्ये (रंगांच्या संचात) तीन रंग आणि एक पारदर्शक. १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर तर ८ बाय ८च्या एका घरात दोनच रंग बसायचे. तिसरा रंग घरात शिरला की शेजाऱ्याला रंगवून जायचा. १९८९च्या गेम बॉय या हातात धरायच्या कन्सोलवर चार छटांत सगळा संसार.

१९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ जवळून बघा. टोपी आणि डंगरी लाल. कातडीचा एक रंग. आणि तिसरा, तपकिरीकडे झुकणारा रंग केसांना, मिशीला, शर्टाला आणि बुटांनाही. एका रंगाकडून चार कामं करून घेतली आहेत. टोपी तरी का? मारिओ पहिल्यांदा आला त्या ‘डाँकी काँग’ गेमच्या वेळी, १९८१ साली, एवढ्याशा जागेत केस काढणं अवघड होतं म्हणून. मिशी आली ती नाक आणि तोंड वेगळं दाखवायला जागा नव्हती म्हणून. त्याच मारिओच्या गेममधले ढग आणि झुडपं म्हणजे एकच आकार, नुसता रंग बदललेला. ‘पॅक-मॅन’ची चार भुतंही एकाच साच्यातली.

म्हणून आधी पॅलेट ठरवा, मग रेघ ओढा. माझ्या एका शिपायाचे रंग मोजले तर १९ भरले. तीनवर आणताना कळलं, की काळी बाह्यरेषा लागतच नव्हती. डोळे आणि बूट एकाच गडद रंगात गेले, पट्ट्याचं बक्कल कातडीच्या रंगात. शिपाई पहिल्यांदा लांबून ओळखू आला.

रंग नकळत वाढत असतील, तर ब्रश तपासा. मऊ ब्रश कडेला अर्धपारदर्शक पिक्सेल सांडत जातो. पेन्सिल टूल वापरा आणि चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये (ठरलेल्या पॅलेटपुरतेच रंग घेणाऱ्या) ठेवा. आगंतुक रंग शिरायला जागाच उरत नाही.

उशी आणि पायऱ्या

मधोमध उजेड आणि चहूकडून कडेला अंधार, अशी छटा दिली की दगड असो की ढाल, सगळं उशीसारखं फुगतं. उजेड कुठून येतो ते ठरवा आणि उरलेली बाजूच गडद करा.

गोलाई दातेरी दिसत असेल तर पायऱ्या मोजा. ५, ३, २, १, १ अशी उतरत गेलेली रेघ डोळ्याला गोल भासते. ५, २, ४, १ अशी गेली की तिथे खड्डा दिसतो. बहुतेक वेळा एक पिक्सेल इकडचा तिकडे केला की भागतं.

स्कॅनलाइनचा सोस

जुन्या टीव्हीच्या पडद्यासारख्या काळ्या आडव्या रेघा (स्कॅनलाइन) मारल्या की चित्र जुनं झालं, अशी एक समजूत आहे. रेघा मारून मग चित्र लहान केलं, तर त्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. हव्याच असतील तर शेवटच्या मापावर, सगळ्यात शेवटी टाका.

मुळात जुने कलाकार टीव्हीचा धुरकटपणा गृहीत धरून काम करायचे. १९९१च्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे, त्या काळच्या केबलवर आणि टीव्हीवर पट्टे एकमेकांत मिसळून पाणी पारदर्शक वाटायचं. आजच्या स्क्रीनवर तीच युक्ती जाळी लावल्यासारखी दिसते.

एम्युलेटरचा (जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्क्रीनशॉट समोर ठेवून काढताना आणखी एक ठेच लागते. एनईएसचं २५६ बाय २४०चं चित्र टीव्हीवर आडवं ताणलं जायचं, त्यामुळे पिक्सेल थोडे रुंद दिसायचे. एम्युलेटर तो ताण दाखवत असेल तर काही उभ्या ओळी जाड येतात. संदर्भ घेताना ॲस्पेक्ट करेक्शन, म्हणजे हा ताण देणारा पर्याय, बंद करा.

सगळेच जुने गेम पिक्सेलचे नव्हते

१९७९च्या ‘ॲस्टेरॉइड्स’मध्ये पडद्याचा इलेक्ट्रॉन किरण थेट रेघा ओढायचा. तो खडक चौकोनांत काढलात तर जाणकार हसतील. तिथे बारीक, चमकती रेघच हवी. आणि १९७८चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मुळात कृष्णधवल. रंग आला तो स्क्रीनवरच्या रंगीत पट्ट्यांमुळे, म्हणजे परग्रहावरचा प्राणी खाली उतरला की त्याचा रंग बदलायचा. हा तपशील चित्रात आणला, तर बघणारा दोन मिनिटं जास्त रेंगाळतो.

ओळखीचं पात्र काढून विकायचा विचार असेल तर हक्क कंपनीचे आहेत, हे धरून चाला. स्वतःचं पात्र काढलं की ही कटकट नाही.

हाताने करताना

टाइल, मणी, क्रॉस स्टिच या सगळ्यांत चौकट आयतीच मिळते. ‘इन्व्हेडर’ या नावाने वावरणारा फ्रेंच कलाकार १९९८पासून पॅरिसच्या भिंतींवर टाइलचे परग्रहवासी लावतो आहे, त्याचं कारण हेच. इथली चूक मापाची असते. १४ काउंटच्या आयडा कापडावर (क्रॉस स्टिचचं चौकडी विणीचं कापड) इंचाला १४ टाके बसतात, म्हणजे ३२ पिक्सेलचं पात्र सव्वादोन इंचांच्या आसपासच भरतं. पाहणाऱ्याला वाटतं हातभर होईल, होतं बिल्ल्याएवढं. मोठं हवं असेल तर कमी काउंटचं कापड घ्या, किंवा एका पिक्सेलला चार टाके द्या. पात्राची रुंदी विषम असेल तर मधली ओळ कापडाच्या मध्यावर धरून तिथूनच पहिला टाका घाला. कोपऱ्यातून सुरू केलं आणि एक घर चुकलं, तर ते कळतं दुसऱ्या डोळ्यापाशी पोचल्यावर.