लेयर शिकायचे तर आधी इरेझर बाजूला ठेवा

मे महिन्यातल्या दुपारी काढलेला दीक्षाभूमीचा एखादा फोटो घ्या. घुमट पांढरा आणि उन्हानं भाजलेलं आभाळही पांढरंफटक. फोटो एडिटिंगमधले लेयर शिकायला हाच फोटो बरा. "लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा" हे वाक्य पाठ करून हात बसत नाही. आभाळ बदलून पाहा, बसेल.

फोटोशॉप असो की फुकटातलं जिम्प, काम तेच. घुमटाच्या फोटोवर फुटाळा तलावावर काढलेल्या ढगांचा फोटो पेस्ट करा. ढग दुपारचे घ्या, संध्याकाळचे लालभडक घेतले तर खालचं ऊन खोटं वाटतं. लेयरच्या यादीत जो लेयर वर, तो चित्रात पुढे. ढगांनी सगळं झाकलं? झाकू द्या.

आता बरेच जण सांगतात, इरेझरनं घुमटावरचे ढग पुसा. राजेहो, नका पुसू! फाइल बंद केली की अनडूही गेला, आणि कड चुकली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा ढगांच्या लेयरला पांढरा मास्क लावा, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा. त्यावर काळा ब्रश फिरवला की तिथले ढग लपतात, पांढरा फिरवला की परत येतात, राखाडीनं अर्धवट दिसतात. कीबोर्डवर एक्स दाबला की दोन रंगांची अदलाबदल होते.

एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी दोन आठवडे माझ्या ढगांवर डांबर सांडल्यासारखे पट्टे उमटत होते. लेयरच्या ओळीत दोन छोटी चित्रं असतात, एक फोटोचं, एक मास्कचं. ज्याच्याभोवती चौकट, त्यावर ब्रश चालतो. मी फोटोवर क्लिक करून मास्क रंगवायला निघायचो. ब्रश उचलण्याआधी चौकट बघा. दर वेळी. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्कवर क्लिक केलं की नुसता मास्क दिसतो. सुटलेले ठिपके तिथे सापडतात.

घुमटाची कड हातानं रंगवू नका, कितीही हात स्थिर असला तरी ती बटाट्यासारखी दिसते. ढगांची ओपॅसिटी (लेयर किती गडद दिसतो ते) ५० टक्क्यांवर आणा म्हणजे घुमट दिसेल, लंबगोल सिलेक्शननं त्याची कमान धरा आणि मास्कवर तेवढ्या भागात काळा रंग भरा. मग ओपॅसिटी परत १००. टोकाचा भाग लहान ब्रशनं, जमीन मोठ्या ब्रशनं.

झाडांची पानं कोरत बसू नका. ढगांच्या लेयरचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळायची पद्धत, मल्टिप्लाय करा: पांढऱ्या आभाळावर ढग उमटतात, काळपट पानं काळपटच राहतात.

सेव्ह फोटोशॉपच्या पीएसडी फाइलीत किंवा जिम्पच्या एक्ससीएफमध्ये. जेपीजीत सगळे लेयर एकच होतात, म्हणून ती प्रत फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला.