तबल्याचा रियाज: हात बसण्याआधीच बिघडवणाऱ्या चुका

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव संपला की पुढचा आठवडाभर माझ्या कोथरूडच्या वर्गात कुणी दांडी मारत नाही. कुणी आदल्या रात्री तीन तास बसलेलं असतं, कुणी तर्जनीचा फोड मोठ्या कौतुकानं दाखवतं. तिळगूळ वाटून होईपर्यंत निम्मी मंडळी ‘सर, ऑफिसात रिलीज होतं’वर आलेली असतात.

उधाणाचा रियाज ही पहिली चूक. त्यातच कुणीतरी चिल्ल्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतात आणि चाळीस दिवस सलग बसायचा बेत आखतो. चिल्ला हात बसलेल्यांनी करायचा. नवख्यानं रोज पाऊण तास बसावं, ठरलेल्या वेळी, आणि रविवारी चार तास बसून आठवड्याची भरपाई करू नये.

खरं नुकसान मात्र लयीची घाई करते.

‘धाधा तिट धाधा तिंना, ताता तिट धाधा धिंना’ हा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे रियाजाची ठरलेली बोलरचना, घ्या. बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, सगळ्यांना येतो. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, गेलं की ‘तिट’मधला ‘ट’ गळतो. मधलं बोट ‘ति’ वाजवून उचलायच्या आत तर्जनी येऊन पडते आणि दोन अक्षरांची एक थाप होते. वाजवणाऱ्याला हे ऐकूच येत नाही, कारण डोक्यात बोल पूर्ण चाललेला असतो. माझं असं दोन वर्षं चाललं होतं. गुरुजी एकदा म्हणाले, ‘अरे, तू रोज तासभर चूकच पक्की करतोयस.’ ती सोडवायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत मी नवीन काहीही शिकलो नाही. फार चिडचिड झाली.

उपाय कंटाळवाणा आहे. मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि तबल्यापासून उठून, दुसऱ्या खोलीत जाऊन ऐका. जिथे अक्षर गळतं तिथून लय निम्म्यावर आणा. आधी नुसतं ‘तिट’, मग ‘धातिट’, मग अख्खी ओळ. पहिल्यापासून शेवटपर्यंत कायदा दहादा वाजवलात तर अडलेली जागा दहाच वेळा हाताखाली येते. तेवढीच जागा घेऊन बसलात तर त्याच वेळात शंभरदा.

याच कायद्यात दुसरी गोम आहे. ‘ताता तिट’ला डाव्या हाताचा डग्गा गप्प हवा, तो परत येतो ‘धाधा धिंना’ला. सवयीनं डावा हात घुमतच राहतो आणि खाली-भरीचा, म्हणजे डग्ग्याविना आणि डग्ग्यासह वाजणाऱ्या भागांचा, फरकच पुसला जातो. पाच मिनिटं फक्त डाव्याकडे कान ठेवून वाजवा. आणि ‘ना’ खणखणीत निघत नसेल तर तर्जनीचा जोर वाढवू नका, अनामिका बघा. ती शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली हवी. बहुतेक वेळा ती उचललेली तरी असते किंवा दाबलेली तरी.

सोसायटीतल्या शेजाऱ्यांसाठी तबल्यावर फडकं टाकून वाजवणारेही भेटतात. आस, म्हणजे आघातानंतरची गुंज, कानावर पडत नाही, मग बोट काय शिकणार? त्या वेळी पढंत करा. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरा, पहिली, पाचवी, तेरावीला टाळी, नववीला खाली (टाळी न देता हात मोकळा), आणि कायदा तोंडानं म्हणा. तोंडात अडखळणारा बोल हातातून स्वच्छ निघालेला मी तरी पाहिलेला नाही. परीक्षेला बसणारे नेमकं हेच टाळतात.

आणि जुलैत, हवा दमट झाली की पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, सैल पडून तबला उतरतो. आवाज बसका येतो म्हणून मुलं जोरात ठोकायला लागतात, मनगट आखडतं आणि दोष हाताला देतात. आधी हातोडी घ्या, तबला सुरात चढवा. तरीही बसकाच राहिला तर वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, ओढून घ्यायला तबला पेठेत दुरुस्तीला टाका आणि तोवर पढंत चालू ठेवा.