‘नाइस’ म्हणजे फक्त ‘छान’ नव्हे: या चुका टाळा

शाळेत ‘नाइस’चा अर्थ ‘छान’ असा एकदा पाठ झाला की पुढे त्या शब्दाकडे कुणी वळून बघत नाही. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण मराठीतला ‘छान’ भलताच ऐसपैस आहे. छान मुलगा, छान गाते, छान वाटतंय, गणितात छान आहे, तब्येत छान आहे. या पाचांपैकी ‘नाइस’ सरळ बसतो तो फक्त पहिल्या आणि तिसऱ्या जागी (‘इट फील्स नाइस’).

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी घेऊ. ‘नाइस’मधून माणसाचा स्वभाव कळतो, कसब कळत नाही. ‘नाइस डॉक्टर’ म्हणजे प्रेमाने बोलणारा, घाई न करणारा डॉक्टर. त्याचं निदान अचूक असतं की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. त्यासाठी ‘गुड डॉक्टर’ म्हणावं लागतं. आता एखाद्या हुशार विद्यार्थिनीच्या शिफारसपत्रात ‘शी इज अ नाइस स्टुडंट’ एवढंच लिहिलं तर परदेशातला वाचणारा काय समजेल? मुलगी गोड आहे, अभ्यासाबद्दल मात्र शिक्षकांना सांगण्यासारखं काही सापडलं नाही. लिहिणाऱ्याने मनापासून कौतुक केलेलं असतं आणि मुलीचं नुकसान होतं. तिथे ‘एक्सलंट’, ‘थरो’, ‘ओरिजिनल’ असे नेमके शब्द वापरा आणि तिने काय केलं त्याचं एक उदाहरण द्या. ‘ही इज नाइस इन मॅथ्स’ हे तर दोन ठिकाणी चुकलंय. ‘ही इज गुड ॲट मॅथ्स’ म्हणा. तब्येतीचंही तसंच: ‘माय हेल्थ इज नाइस’ कुणी म्हणत नाही, ‘आय ॲम वेल’ किंवा ‘आय ॲम फाइन’ म्हणतात.

‘छान’ हा मराठीत नामालाही चालतो आणि क्रियापदालाही. म्हणून ‘ती छान गाते’चं ‘शी सिंग्ज नाइस’ होतं. नीट इंग्रजीत इथे ‘नाइसली’ हवं, आणि खरी दाद द्यायची तर ‘ब्यूटिफुली’. हे कळलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘द टी स्मेल्स नाइसली’ म्हणतात. इथे ‘नाइस’च बरोबर. लुक, साउंड, स्मेल, टेस्ट या क्रियापदांनंतर आपण वस्तू कशी आहे ते सांगत असतो. ‘नाइसली’ लावलं तर चहा स्वतःच वास घेतोय आणि ते काम तो छान करतोय, असा अर्थ निघतो.

भेटीगाठींमध्ये एक बारीक फरक सांभाळा. पहिल्यांदा ओळख होते तेव्हा ‘नाइस टू मीट यू’, आणि त्याच भेटीत निरोप घेताना ‘नाइस मीटिंग यू’. आधी ओळख असलेल्या माणसाला ‘नाइस टू मीट यू’ म्हटलं तर तुम्ही त्याला विसरलात असं त्याला वाटू शकतं. त्याला ‘नाइस टू सी यू’ म्हणा. आणि कुणी आवर्जून आलं, मदत केली, तर ‘इट्स नाइस ऑफ यू’. ‘ऑफ’च्या जागी ‘फॉर’ घातलंत तर आभार मानायचे राहतात आणि ‘तुमची काय बाबा, मजा आहे’ असा सूर लागतो.

‘नाइस अँड हॉट’मधला ‘अँड’ही फसवतो. ‘द टी इज नाइस अँड हॉट’ म्हणजे चहा मस्त गरम आहे. छान असणं आणि गरम असणं हे दोन वेगळे गुण त्यात मोजलेले नाहीत. ही जोडी सहसा नामाच्या आधी येत नाही. तिथे ‘अ नाइस हॉट कप ऑफ टी’ असं म्हणतात. मत सांगणारं विशेषण आधी आणि आकार, रंग नंतर, म्हणून ‘अ नाइस लिटल हाउस’. ‘अ लिटल नाइस हाउस’ नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं. इंग्रजी निकालपत्रांत ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ किंवा ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ असं भेटतं, तेव्हा न्यायाधीश कुणाची वाहवा करत नसतात. मुद्दा बारकाव्याचा आहे, फरक सूक्ष्म आहे, असं ते सांगत असतात. हा अर्थ कुठून आला ते कळलं की तो विसरत नाही. लॅटिनमध्ये ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा. त्यातला ‘ने’ हा संस्कृतातल्या ‘न’चा नातलग, आणि जाणणं या अर्थाच्या ‘स्किरे’पासूनच पुढे ‘सायन्स’ आला. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी! मग नखरेल, मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत करत १८व्या शतकाच्या उत्तरार्धात तो आजच्या ‘छान’पाशी आला. (‘सिली’ने नेमका उलटा प्रवास केला: मुळात सुखी, धन्य, आज बावळट.) कायद्याच्या भाषेत त्या वाटेवरचा ‘काटेकोर’ अजून टिकून आहे. ‘नाइसिटी’ या नामातही तोच आहे, म्हणून ‘नाइसिटी’ म्हणजे बारकावा. चांगुलपणाला ‘नाइसनेस’ म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्रजी मजकुरात कुणाला ‘नाइस’ म्हटलेलं दिसलं, तर स्तुती समजण्याआधी तळटीप बघा.

नोकरीच्या जाहिरातीत ‘नाइस टू हॅव’ या शीर्षकाखाली जी कौशल्यं असतात ती असली तर बरं, नसली तरी अर्ज करता येतो. सक्तीची यादी ‘मस्ट हॅव’खाली असते. ‘नाइस टू हॅव’मधलं एखादं तंत्र येत नाही म्हणून अर्जच न करणारी मुलं आहेत, त्यांनी अर्ज जरूर करावा.

आणि उच्चाराचं एक. मोठ्या ‘एन’ने सुरू होणारा हाच शब्द फ्रान्सच्या नकाशात भूमध्य समुद्राच्या काठी दिसला, तर ते शहर आहे आणि त्याचा उच्चार ‘नीस’ असा होतो.