टॅली-ईआरपीसाठी सिक्युरिटीचं सामान घेताय? आधी बॅकअप, मग बाकीचं

इंदूरला सियागंज किंवा क्लॉथ मार्केटमधल्या बऱ्याच पेढ्यांवर साधारण एकच मांडणी दिसते, एका कॉम्प्युटरवर टॅली, त्यालाच सगळे सर्व्हर म्हणतात, लॅनवर अजून दोन-तीन मशीन, सगळ्यांचा लॉगिन एकच आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच मशीनला कायमचा खोचलेला. सांवेर रोडच्या कारखान्यांत ईआरपी असतं (हिशोब, स्टॉक, खरेदी-विक्री सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर), माणसं जास्त असतात, पण सवयी तशाच. मग कोणीतरी अँटीव्हायरस आणि फायरवॉलचं (इंटरनेट आणि ऑफिसच्या मधला पहारेकरी) पॅकेज घेऊन येतो आणि मालक घाबरून चेक फाडतात. असं करू नका, प्लीज. आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: डेटा नेमका कुठल्या मशीनवर किंवा कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर आहे, तो कोण कोण उघडतं, आणि कुठून उघडतं, म्हणजे दुकानातून, घरून, सीएच्या ऑफिसातून की मोबाईलवरून. हे लिहिल्याशिवाय काय विकत घ्यायचं ते ठरतच नाही, कारण झोहो किंवा ईआरपीनेक्स्टसारखं सॉफ्टवेअर क्लाउडवर घेतलं असेल तर सर्व्हर अपडेट ठेवणं सर्व्हिस देणाऱ्याकडे, तुमच्याकडे लॉगिन आणि स्टाफचे लॅपटॉप. टॅली स्वतःच्या मशीनवर असेल तर सगळंच तुमच्याकडे.

पैसे कमी असतील तर सगळे आधी बॅकअपवर घाला, हे मी अगदी ठामपणे सांगतो. आपल्या धंद्यात धार, खरगोन, झाबुआच्या पार्ट्यांकडे महिनोन्महिने उधारी अडकलेली असते आणि लेजरच गेलं तर वसुली कशाच्या जोरावर करणार? रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं की त्या मशीनला जे जे दिसतं ते सगळं लॉक होतं, लावलेला पेनड्राइव्ह, शेअर केलेलं फोल्डर, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक फोल्डरसुद्धा, कारण खराब झालेली फाइल सिंक होऊन वरच्या चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते. म्हणून नुसत्या सिंकला बॅकअप समजू नका. टूल निवडताना हे बघा की ते ठरलेल्या वेळी आपोआप चालतं का, मागच्या कितीतरी दिवसांच्या वेगवेगळ्या कॉपी ठेवतं का, कॉपी एन्क्रिप्ट करतं का (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये), आणि मुनीमजींच्या लॉगिनमधून त्या कॉपी डिलीट करता येतात का (यायला नकोत). जुना नियम ३-२-१ चा आहे, तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. लहान पेढीला दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून-पालटून आणि एक क्लाउड बॅकअप एवढं पुरतं, फक्त डिस्क काम झाल्यावर काढायची आणि एक घरी न्यायची.

आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून बघा, कंपनी उघडते का, शेवटचा बिल नंबर तोच आहे का, ट्रायल बॅलन्स जुळतो का. विकणाऱ्याला हे डेमोमध्येच तुमच्या डेटावर करून दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर ते टूल घेऊ नका. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीचा डेटाच लॉक करणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, हरवला तर टॅलीवालेही काढून देऊ शकत नाहीत.

नंतर येतं घरून काम करणं. मालकाला रात्री घरी टॅली बघायचंय म्हणून कोणीतरी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचं (दुरून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, सरळ इंटरनेटला उघडं करून जातो, आणि असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम जगभर रात्रंदिवस चालू असतात. पोर्टचा नंबर बदलून काही फरक पडत नाही, तेही सापडतं. ते बंदच करा आणि व्हीपीएन घ्या (घर ते दुकान असा इंटरनेटवरचा बंदिस्त रस्ता), वायरगार्ड नावाचं व्हीपीएन फुकट आहे पण लावणारा जाणकार हवा, फायरवॉलमधलं व्हीपीएनही चालेल. दुरून स्क्रीन उघडणारं एनीडेस्कसारखं काही वापरत असाल तर कायमचा पासवर्ड ठेवू नका, ठेवलाच असेल तर सपोर्टवाला मुलगा काम सोडून गेला की त्याच दिवशी बदला. इथे निवड करताना तीन गोष्टी: ओटीपी लागतो का, कोण कधी आलं ते लिहून ठेवतं का, आणि एकाच माणसाचा ॲक्सेस बंद करता येतो का.

लॉगिनसाठी वेगळं काही घ्यायची गरज बहुतेक पडत नाही. टॅलीत, ईआरपीनेक्स्टमध्ये प्रत्येकाचा वेगळा यूजर आणि त्याचे अधिकार ठरवायची सोय आहेच, ती फक्त वापरायची. बिलिंगवाल्याला जुनी एंट्री बदलता येऊ नये एवढं केलं तरी खूप फरक पडतो. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर लागतं, प्रोप्रायटर आणि पार्टनरशिप फर्मला तो नियम नाही, पण टॅलीतला एडिट लॉग तुम्हीही चालू करा, कोणी काय बदललं ते तरी कळेल.

अँटीव्हायरसबद्दल थोडक्यात. दोन-तीन मशीन, अस्सल आणि अपडेटेड विंडोज असेल तर त्यातला डिफेंडर (विंडोजसोबत येणारा अँटीव्हायरस) ठीक आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर त्या मशीनवर अँटीव्हायरस घेण्याआधी विंडोजचं बघा. मशीन दहा-पंधराच्या वर गेली की एका जागेवरून सगळी दिसणारं एंडपॉइंट टूल (सगळ्या मशीनचा एकत्र अँटीव्हायरस) घ्या, पुण्याच्या क्विक हीलचं सेकराइट आहे, अजूनही बरेच आहेत, फक्त स्टाफला ते पासवर्डशिवाय बंद करता येऊ नये. टॅली स्लो चालतं म्हणून कोणी आख्खं डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळून देत असेल तर देऊ नका. आणि क्रॅक केलेलं टॅली असेल तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही, क्रॅक लावताना अँटीव्हायरसच बंद करायला सांगतात.

फायरवॉल डबा घेण्याआधी दरवर्षीचं रिन्युअल किती आणि त्याचे अलर्ट कोण बघणार हे विचारा. बघणारा कोणी नसेल तर अजून थांबा.

क्लाउडवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, उद्या आम्ही सोडलं तर सगळा डेटा आम्हाला स्वतः काढून घेता येईल का, कुठल्या फॉर्मॅटमध्ये. आयएसओ २७००१ चं, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचं, सर्टिफिकेट दाखवलं तर ते नेमकं कुठल्या सर्व्हिसला मिळालंय ते त्यावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

आणि हे सगळं करूनही स्क्रीनवर खंडणीचा मेसेज आलाच तर लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा, मेसेजचा फोटो घ्या, फॉरमॅट मारायची घाई करू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, ६ तासांत कळवावं लागतं. नो मोअर रॅन्सम नावाच्या साइटवर काही प्रकारांची चावी फुकट मिळते, तिथे बघितल्याशिवाय खंडणीचा विचारही करू नका. बॅकअपची डिस्क मात्र त्या मशीनला लावू नका, ती दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरच उघडायची.