वणव्यावर जलविमाने कशी वापरावीत: पाण्याच्या निवडीपासून जाळरेषेपर्यंत

तलाव किंवा समुद्रावरून धावता धावता पाणी भरून घेऊन वणवा विझवणाऱ्या जलविमानाविषयी बहुतेक लोक पहिल्यांदा विचारतात, टाकी किती मोठी आहे? नियोजन करणाऱ्याने त्याआधी पाणी आगीपासून किती अंतरावर आहे, हे विचारावे. कॅनडात घडवलेल्या सीएल-४१५ या विमानात ६,१३७ लिटर पाणी मावते आणि पाण्यावरून धावत असताना ते साधारण १२ सेकंदांत भरते. पाणी आगीपासून १० किलोमीटरवर असेल, तर ताशी २५० किलोमीटर वेगाने जाण्यायेण्यात सुमारे पाच मिनिटे आणि उतरणे, भरणे व मारा करणे यांत आणखी चार-पाच मिनिटे जातात. म्हणजे एक विमान तासाला सहा फेऱ्या करून ३६,००० लिटरच्या आसपास पाणी आगीवर टाकते. तेच पाणी ५० किलोमीटरवर असले, तर तासाला जेमतेम दोन फेऱ्या होतात आणि १२,००० लिटरांवर समाधान मानावे लागते. विमान तेच, वैमानिक तेच, पण उपयोग एक-तृतीयांश होतो. म्हणून कोणतेही जलविमान मागवण्यापूर्वी नकाशावर हे गणित करावे.

मोठी टाकी निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. रशियाचे जेट इंजिनांचे बीई-२०० आणि चीनचे एजी६०० ही विमाने प्रत्येकी सुमारे १२ टन पाणी नेतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेले आणि पुढे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणव्यांवर वापरले गेलेले मार्टिन मार्स २७,००० लिटरांहून अधिक पाणी नेत असे. त्यांपैकी ‘हवाई मार्स’ नावाचे विमान २०२४ मध्ये संग्रहालयात दाखल झाले. मात्र विमान जितके मोठे, तितके मोकळे आणि लांब पाणी त्याला लागते आणि डोंगरांच्या बेचक्यांत वळणे तितके अवघड जाते. दुसऱ्या टोकाला, एका इंजिनाचे आणि सुमारे ३,००० लिटर नेणारे फायर बॉस हे विमान लहान तलावांतूनही भरून घेते. आपल्या परिसरात जे पाणी आहे, त्याला साजेसे विमान निवडावे.

पाण्याची निवड

सीएल-४१५ ला पाण्यावरील प्रत्यक्ष धावेसाठी सुमारे ४०० मीटर लागतात. पण १५ मीटर उंचीवरून खाली येणे, भरणे आणि पुन्हा १५ मीटर उंची गाठणे हे सारे धरले, तर १,३०० मीटरांहून अधिक अंतर अडथळ्याविना मिळायला हवे. खोली किमान दोन मीटर आणि रुंदी सुमारे ९० मीटर असावी. हे झाले कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात तलावाच्या दोन्ही टोकांची झाडे, टेकड्या आणि पूल यांमुळे वापरता येणारी लांबी कमी होते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे नेमके वणव्यांच्या दिवसांत, जलाशय आटून वर आलेले खडक किंवा बुडालेल्या झाडांचे बुंधे पूर्वीच्या सर्वेक्षणात दिसलेले नसतात. त्यामुळे जलस्रोतांची यादी दरवर्षी हंगामापूर्वी आणि हंगामाच्या मध्यावर पुन्हा तपासावी. विजेच्या तारा हा सर्वांत घातक अडथळा आहे, कारण हवेतून त्या जवळजवळ दिसत नाहीत. प्रत्येक स्रोताच्या नोंदीत त्यांची जागा ठळकपणे लिहावी.

पहिल्यांदा भरण्यापूर्वी वैमानिकाने त्या पाण्यावरून एक कोरडी, म्हणजे पाणी न भरता, फेरी मारावी. होड्या, पोहणारी माणसे, मासेमारीची जाळी, तरंगते ओंडके, वाऱ्याची दिशा आणि लाटांची रीत हे सारे याच फेरीत पाहून घ्यायचे असते. किनाऱ्यावरच्या यंत्रणेने होडीचालकांना आधीच सूचना द्यावी की विमान दिसताच त्यांनी पात्राच्या मध्यातून निघून काठाशी जावे आणि विमाने परत येत राहणार हे लक्षात घेऊन तिथेच थांबावे. लाटा उंच असतील तर धोका उघड दिसतो. त्याहून फसवे असते ते काचेसारखे निवांत पाणी, कारण अशा पाण्यावर पृष्ठभाग नेमका किती खाली आहे याचा डोळ्याला अंदाजच येत नाही. अशा वेळी काठाजवळची ओळ धरून, ठरावीक आणि मंद गतीने खाली उतरत यावे लागते.

भरणे ही क्रिया दिसते तितकी सोपी नाही. विमान पाण्यावर थांबत नाही. ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने ते पृष्ठभागावरून सरकत असते, पोटाखालची दोन लहान तोंडे खाली उतरतात आणि वेगाच्या दाबानेच पाणी टाक्यांत चढते. पंपाची गरज नसते. पाणी चढू लागताच विमान जड होते आणि ओढ वाढते, म्हणून इंजिनांची ताकद वेळेवर वाढवावी लागते. टाकी भरताच तोंडे वर घेऊन विमान पुन्हा उचलले जाते. पाण्याची लांबी अपुरी वाटली, तर अर्धी टाकी घेऊन निघावे. तसेच इंधन पूर्ण भरलेले असताना वजनाच्या मर्यादेमुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत पाणी कमी घ्यावे लागते, हे जमिनीवरच्या अधिकाऱ्यानेही जाणून असावे, म्हणजे पहिले मारे अपेक्षेपेक्षा हलके का पडले याचा उलगडा होतो.

मारा कुठे आणि कसा

साधे पाणी काही मिनिटांतच वाफ होऊन जाते. जमिनीवरून उडणारी टँकर विमाने जे लाल अग्निरोधक रसायन आगीच्या पुढे पसरतात, ते वाळल्यावरही गवत-झुडपांना पेट घेऊ देत नाही. जलविमानाचे काम वेगळे आहे. ते थेट ज्वाळेवर, तिच्या बुडाशी आणि कडेवर मारा करते, आग थंड करते आणि जमिनीवरच्या पथकाला जवळ जाता येईल इतकी उसंत देते. त्या उसंतीत कुदळ-फावड्यांनी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत-झुडपे साफ केलेली पट्टी, काढणारी किंवा नळीने पाणी मारणारी माणसे तिथे नसतील, तर तीच जागा पुन्हा पेटते. पथक पोहोचण्याआधीची तासभर चाललेली फेऱ्यांची रांग डोळ्यांना दिलासा देते, पण वणव्याला फारसा धक्का लावत नाही, असे माझे ठाम मत आहे. अपवाद अगदी कोवळ्या आगीचा. ती पहिल्या काही मिनिटांत गाठली, तर एक-दोन मारेही तिला रोखून धरतात. फ्रान्समध्ये धोक्याच्या दिवशी टाक्या भरलेली विमाने आधीपासूनच गस्त घालतात, ती याच कारणाने.

मोठ्या आगीत तोंडावर, म्हणजे पुढे सरकणाऱ्या कडेवर, समोरून मारा करण्याचा मोह टाळावा. जोराच्या वाऱ्यात आगीच्या तोंडाशी उष्णता इतकी असते की बरेच पाणी जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच विरते, आणि धुरात वैमानिकाला काही दिसत नाही. आधीच विझवलेल्या किंवा जळून गेलेल्या भागाला धरून सुरुवात करावी, मग बगलेने पुढे सरकत तोंड अरुंद करत न्यावे. प्रत्येक मारा आधीच्या ओल्या पट्ट्यावर थोडा चढलेला असावा, कारण मध्ये राहिलेल्या फटीतून आग सहज निसटते. सीएल-४१५ च्या टाक्यांना चार दारे असतात. ती एकदम उघडली तर एका जागी दाट मारा बसतो आणि उंच झाडांच्या शेंड्यांतून पाणी खाली उतरते. एकामागून एक उघडली तर लांब, पातळ पट्टा मिळतो आणि तो गवताच्या आगीला पुरतो. पाण्यात एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात फेस करणारे द्रव्य मिसळले, तर पाणी पानांना अधिक वेळ चिकटून राहते. मात्र असा फेसाळ मारा ओढे, नद्या व तलाव यांच्यापासून दूर ठेवावा, कारण माशांना तो अपायकारक ठरतो.

उंचीचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. साधारण ३० ते ४५ मीटर उंचीवरून मारा प्रभावी होतो. त्याहून वरून सोडलेले पाणी वाऱ्याने विखुरते आणि त्याहून खालून सोडलेले पाणी झाडे मोडते, दगड उडवते व खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते. डोंगराळ भागात मारा उताराच्या दिशेने करावा, म्हणजे पाणी सोडल्यावर विमानाला खाली मोकळी दरी मिळते. चढाकडे किंवा अरुंद होत जाणाऱ्या घळीत शिरून मारा करू नये. बाहेर पडण्याची वाट ठरल्याशिवाय आत जायचेच नाही, हा नियम कोणत्याही दडपणाखाली मोडू नये. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर हवाई दलाच्या सीएल-२१५ या, सीएल-४१५ च्या आधीच्या विमानाचा पंख मारा केल्यानंतर झाडाला लागला आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. खाली गावे जळत असताना आणखी थोडे खाली उतरावे असे वाटणे माणसाला साहजिक आहे, आणि म्हणूनच ही मर्यादा आधीच ठरवून ठेवावी लागते.

जमिनीवरच्या लोकांसाठी

मारा होण्यापूर्वी पथकाने ती पट्टी रिकामी करावी आणि रिकामी झाल्याचे रेडिओवरून कळवावे. त्या निरोपाशिवाय वैमानिकाने दारे उघडू नयेत. निसटायला वेळच उरला नाही, तर शिरस्त्राण घट्ट बांधून, येणाऱ्या विमानाकडे तोंड करून पालथे पडावे, हत्यारे अंगापासून बाजूला धरावीत आणि वाळलेल्या झाडांखाली मुळीच थांबू नये. मारा झाल्यावर ओल्या उतारावर पाय घसरतो आणि मोडलेल्या फांद्या उशिराने पडतात, म्हणून क्षणभर थांबून वर पाहावे, मग पुढे जावे. लक्ष्य सांगताना आकड्यांपेक्षा खुणा कामी येतात: रस्त्याचे वळण, पडके छप्पर, जळून काळी झालेली कड.

हवेत अनेक विमाने असतील तर एकच समन्वयक असावा, रेडिओची वाहिनी एक असावी आणि सर्वांनी एकाच दिशेने वळत फेऱ्या माराव्यात. हेलिकॉप्टरना शक्यतो वेगळे पाणी द्यावे. ड्रोन उडवणाऱ्यांना मात्र पूर्ण मज्जाव हवा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स वणव्यावर काम करणाऱ्या, क्युबेकहून आलेल्या विमानाच्या पंखाला एका लहान खासगी ड्रोनने भोक पाडले आणि शहर जळत असतानाच ते विमान काही दिवस जमिनीवर उभे राहिले.

अंधार पडल्यावर ही विमाने सहसा काम करत नाहीत, तेव्हा संध्याकाळची शेवटची फेरी कुठे टाकायची हे पथकप्रमुखाने दुपारीच ठरवावे. समुद्रातून पाणी घेतले असेल, तर मीठ धातूला खाते, म्हणून दिवस संपताच विमान गोड्या पाण्याने धुवावे, इंजिनेही त्यात आली. एका तलावातून दुसऱ्या तलावाकडे जाताना टाक्यांतील उरलेले पाणी पूर्ण काढून टाक्या निर्जंतुक कराव्यात, नाहीतर झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव नव्या पाण्यात शिरून कायमचे ठाण मांडतात. त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक जलस्रोताची पातळी, दिसलेले अडथळे आणि फेरीला लागलेला वेळ रात्रीच लिहून काढून सकाळी येणाऱ्या वैमानिकांच्या हाती द्यावा.